दिसतंय का, असे विचारणारे खांबेटेकाका

श्री. दिनकरराव खांबेटे यांची माझी पहिली ओळख फोनवर झाली आणि मी ती तिथेच संपवणार होते. अमेरिकेतल्या डब्लिनला येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. ऑफिसमधून येऊन कुकर लावला होता, तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला आणि एका वयस्क गृहस्थांनी स्वच्छ मराठीत विचारले, "आपली खिडकी कुठल्या दिशेला उघडते?" मी नागपूरची आहे. असल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे ते मला चांगले ठाऊक होते. पण त्या आवाजात चावटपणा अजिबात नव्हता, उलट जनगणनेला आलेल्या मास्तरांचा कोरडेपणा होता. मी काही बोलायच्या आत त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, "बरं, घरात अँटेना आहे का?" मागून एका बाईंचा आवाज आला, "अहो, आधी आपलं नाव तरी सांगा." मग त्यांनी नाव सांगितले. नंबर मराठी मंडळाच्या यादीतून मिळाल्याचे सांगितले. डब्लिनच्या वायव्येला अर्ध्या तासावर असलेल्या वॉलनट फोर्ड या गावात आपण एक छोटे टीव्ही स्टेशन चालवतो, आणि ते तुमच्या बाजूला कुठपर्यंत दिसते हे आपल्याला माहीत नाही, असेही सांगितले.

माझी खिडकी वायव्येला उघडते, हे मला फोनमधले होकायंत्र पाहून कळले. ते ऐकून त्यांना इतका आनंद झाला की पुढच्याच रविवारी ते पत्नीसह माझ्या अपार्टमेंटमध्ये हजर झाले. शैलाकाकूंच्या हातात थालीपिठांचा डबा होता आणि त्यांच्या हातात अँटेना आणि एक जुना, छोटा टीव्ही. अँटेना खिडकीला चिकटवून त्यांनी टीव्ही लावला आणि ते पडद्याकडे पाठ करून माझ्याकडे पाहत उभे राहिले. "दिसतंय का?" त्यांनी विचारले. पडद्यावर तीन पुरुष आणि एक बाई सांडपाण्याच्या पाइपांच्या नकाशाकडे बोट दाखवत वाद घालत होती. दिसतंय, मी म्हणाले. चित्र अडकते का, मध्ये चौकोन पडतात का, ओठ आणि आवाज बरोबर चालतात का, असे सगळे विचारून झाल्यावर त्यांनी खिशातून वही काढली, माझे नाव, खिडकीची दिशा आणि वेळ लिहिली आणि म्हणाले, "आता तुम्ही आमच्या साक्षीदार." स्वतः त्यांनी एकदाही मान वळवून पडदा पाहिला नाही. तेव्हा मला ते विक्षिप्त वाटले. त्या पाठ फिरवून उभे राहण्याचा अर्थ कळायला मला बरीच वर्षे लागली, आणि तो कळला त्या दिवसाबद्दल लिहिण्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला आहे.

या गौरवग्रंथाच्या संपादकांनी सर्व लेखांत 'दिनकरराव' असा उल्लेख असावा असे सुचवले होते. त्यांची क्षमा मागून मी दिनकररावांना काकाच म्हणणार आहे. दुसऱ्या रविवारपासून मी त्यांना काका म्हणत आले आणि ते मला 'अगं मेधा' म्हणत आले. आता पंचाहत्तरीच्या निमित्ताने अंतर वाढवण्यात काही अर्थ नाही.

काकांच्या स्टेशनची गोष्ट सांगायची तर आधी लायसन्सची गोष्ट सांगावी लागेल. अमेरिकेत कमी ताकदीच्या स्टेशनचे लायसन्स म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये दुसऱ्याच्या नावाने राखून ठेवलेल्या खुर्चीवर बसणे. मूळ पाहुणा आला की उठायचे आणि उठताना तोंड वाकडे करायचे नाही. मोठ्या स्टेशनला तुमचा चॅनेल हवा झाला तर तुम्ही दुसरा शोधायचा. केबल कंपन्यांवर तुम्हाला दाखवण्याचे बंधन नाही, म्हणून बहुतेक त्या दाखवत नाहीत. शिवाय एक नियम असा की स्टेशन सलग बारा महिने बंद राहिले तर लायसन्स आपोआप संपते. त्यासाठी कुणी नोटीस पाठवत नाही. तारीख उलटते आणि तुमचे स्टेशन नसते.

असे स्टेशन स्वतःहून कोण घेईल, हा प्रश्न शैलाकाकूंनाही पडला होता. काका तरुणपणी मिरजेहून इथे शिकायला आले आणि पुढे ट्रान्समीटर बनवणाऱ्या एका कंपनीत वीस-बावीस वर्षे इंजिनीअर होते. वॉलनट फोर्डचे स्टेशन तेव्हा तिथल्या एका चर्चकडे होते आणि काका सुट्टीच्या दिवशी जाऊन त्यांची यंत्रे दुरुस्त करून देत. कंपनी बंद पडली त्याच वर्षी चर्चलाही स्टेशनचा कंटाळा आला. लोक पन्नाशीत जमीन घेतात, बोट घेतात, काकू सांगतात, यांनी टेकडीवरची एक शेड आणि एक उंच लोखंडी शिडी घेतली.

ते स्टेशन कधीच धड चालले नाही, हे गौरवलेखातही मान्य करायला हवे. जाहिराती म्हणजे गावातले बियाण्यांचे दुकान, एक दंतवैद्य आणि अंत्यसंस्कारांची व्यवस्था करणारे एक कुटुंब. कार्यक्रम म्हणजे शाळेचे फुटबॉलचे सामने, गावसभा, तीन चर्चच्या प्रार्थना, शनिवारी सकाळी नेपाळी मंडळींचा एक तास आणि त्याला लागून आमचा मराठी अर्धा तास. त्या अर्ध्या तासात मी बारा वर्षे निवेदन केले. माझा मुलगा त्याला 'ममाज शो दॅट नोबडी वॉचेस' म्हणत असे. काकांनी ते एकदा ऐकले आणि अगदी गंभीरपणे त्याला सांगितले की आठ घरे नक्की बघतात, नावे हवी असतील तर देतो.

ती नावे त्यांच्या वहीत होती. साक्षीदार ही काकांची पद्धत होती आणि तिच्याइतकी त्यांची ओळख पटवणारी दुसरी गोष्ट नाही. दर रविवारी सकाळी दहा वाजता ते स्टेशनच्या चारी बाजूंना राहणाऱ्या ठरावीक लोकांना फोन करत आणि एकच प्रश्न विचारत. कधी वादळानंतर, कधी दुरुस्तीनंतर, मधल्या वारीही करत. उत्तरेच्या सखल भागात राहणाऱ्या लोइसबाई, दक्षिणेला केस कापण्याचे दुकान चालवणारे एक गृहस्थ, पश्चिमेला निवृत्त झालेले शाळेच्या बसचे ड्रायव्हर आणि आग्नेयेला मी. ट्रान्समीटरवरचे सगळे काटे जागेवर असले तरी हे फोन झाल्याशिवाय ते वहीत 'चालू' हा शब्द लिहीत नसत. ही सवय मिरजेची. त्यांच्या वडिलांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. रेडिओ दुकानात वाजला म्हणजे दुरुस्त झाला असे वडील मानत नसत. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन तिथे वाजतो का ते विचारून यायचे, हे काम दिनकरकडे असे. काकांनी मला हे एकदाच सांगितले, तेही स्क्रू शोधता शोधता.

त्यांच्या कामाची एक आठवण माझ्या मनात पक्की आहे. एका मोठ्या स्टेशनला आमचा चॅनेल हवा होता, म्हणून आम्हाला दुसऱ्या चॅनेलवर जावे लागले. अशा वेळी प्रेक्षकांना आपल्या टीव्हीवर नव्याने चॅनेल शोधण्याचे बटण दाबावे लागते. तरुणांना ते सोपे. पण आमचे प्रेक्षक तरुण नव्हते. पडद्यावर आठवडाभर सूचना फिरवून उपयोग झाला नाही, तेव्हा काका घरोघर निघाले. मी दोन शनिवारी गाडी चालवायला सोबत होते. काका दारावर टकटक करत, टोपी काढत, आपण कोण ते सांगत, आणि परवानगी घेऊन रिमोट हातात घेत. कुणी त्यांना केबलवाले समजत, कुणी धर्मप्रचारक. एका घरात त्यांच्यावर कुत्रे सोडले गेले, त्याच घरात नंतर लिंबाचे सरबत मिळाले.

लोइसबाईंची ओळख त्या फेरीत झाली. नवरा गेलेल्या, शेत खंडाने दिलेल्या आणि टीव्ही दिवसभर सोबतीला चालू ठेवणाऱ्या अशा त्या बाई. त्यांचे घर इतक्या खोलगट जागी आहे की तिथे दिसले तर सगळीकडे दिसते, असे काकांनी पहिल्याच भेटीत त्यांना सांगून टाकले. बाईंना आपल्या घराची अशी स्तुती कुणी केली नव्हती. त्यांनी सफरचंदाचा पाय, म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, पुढे केला. त्याच्या आवरणात प्राण्याची चरबी आहे का, असे काकांनी संकोचत विचारले. होती. पुढच्या वेळेपासून लोइसबाई काकांसाठी लोण्यातला पाय वेगळा करू लागल्या आणि अजूनही करतात.

माझ्यावरचे त्यांचे उपकार मोजत बसणार नाही, एक सांगते. एका वर्षी माझी नोकरी गेली. व्हिसावर असणाऱ्यांना हे दिवस कसे असतात ते इथे बहुतेकांना माहीत आहे. साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर सामान आवरायचे. त्या काळात सगळ्यांनी मला सल्ले दिले. काकांनी एकही दिला नाही. रोज सकाळी नऊ वाजता त्यांचा फोन यायचा. आज टेपांची कपाटे लावायची आहेत, आज केबलींना चिठ्ठ्या चिकटवायच्या आहेत, वेळ आहे का? मी जायची. त्या कामांची काहीच घाई नव्हती हे मला नंतर कळले. सकाळी उठून तयार होऊन कुठेतरी जायला मिळावे, एवढीच त्यांची योजना होती. पन्नासाव्या दिवशी मला नोकरी मिळाली, तेव्हा सगळ्या केबलींना चिठ्ठ्या लागलेल्या होत्या.

त्याची परतफेड म्हणून मी स्टेशनला माझी विद्या दिली. कार्यक्रम आपोआप लागावेत म्हणून प्रोग्रॅम लिहिला आणि सगळ्या यंत्रांवर घरबसल्या लक्ष ठेवणारा एक डॅशबोर्ड केला. सर्व्हर, एन्कोडर, ट्रान्समीटर, प्रत्येकासाठी एक हिरवा दिवा. मला त्याचा फार अभिमान होता. काकांनी तो काळजीपूर्वक पाहिला, चांगला आहे म्हणाले आणि रविवारी पुन्हा फोन करायला बसले.

"काका, सगळं ग्रीन आहे. मग फोन कशाला? ऑटोमेट केलंय ना सगळं," मी म्हणाले.

"हे मशीन स्वतःबद्दल सांगतंय," काका म्हणाले. "लोइसबाईंच्या घरातलं त्याला काय माहीत?"

मी हसले. आमच्या धंद्यातल्या लोकांचा हा खास दोष आहे. आपण बनवलेला दिवा हिरवा असला की जग ठीक आहे, असे आम्हाला मनापासून वाटते.

चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात बर्फाचे वादळ झाले आणि टॉवरवरची अँटेना बर्फाच्या वजनाने मोडून खाली आली. स्टेशन बंद पडले. नवी अँटेना बनवून मिळायला सात महिने लागले, ती वर चढवणारी माणसे मिळायला आणखी साडेचार. बारा महिन्यांची मुदत डोक्यावर होती. या सगळ्या दगदगीत काकांच्या छातीत दुखू लागले आणि डॉक्टरांनी तातडीने बायपास सांगितली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अँटेना वर चढली. मुदतीला सोळा दिवस उरले होते.

त्या दिवशी टेकडीवरच्या शेडमध्ये मी होते आणि टॉवरचे काम करणारे गॅरी होते. ट्रान्समीटरची शक्ती अँटेनाकडे न पाठवता तपासायची असेल तर ती एका लोखंडी पेटीत सोडतात, तिला डमी लोड म्हणतात. ती पेटी सगळी शक्ती गिळते आणि तापते, बाकी काही करत नाही. ट्रान्समीटरला फरक कळत नाही, आपण गावाला चित्र दाखवतो आहोत असेच त्याला वाटत राहते. शक्ती पेटीत जावी की अँटेनाकडे, हे भिंतीवरच्या एका दांड्याने ठरते. गॅरी निघताना मला म्हणाले की पेटीवरची चाचणी झाली आहे, जाण्याआधी तेवढा दांडा फिरव. मी लॅपटॉपवर वेळापत्रक चढवत होते. मान वर न करता मी 'येस, शुअर' म्हणाले. घरी येऊन डॅशबोर्ड उघडला तर सगळे दिवे हिरवे. काकांनी मला अधिकारपत्र देऊन ठेवले होते, त्यानुसार मी परवाना कार्यालयाला स्टेशन त्या तारखेपासून पुन्हा सुरू झाल्याचे कळवले. साक्षीदारांना फोन केले नाहीत. माझ्या घरातली अँटेनाही मी घर बदलताना खोक्यात टाकली होती, ती खोक्यातच होती.

ऑपरेशन अवघड गेले. दहा दिवस काकांना कुणाशी बोलू दिले नाही आणि काकूंनी त्यांचा फोन आपल्या पर्समध्ये ठेवून दिला. दहाव्या दिवशी मी भेटायला गेले. काका उशीला टेकून बसले होते, चेहरा निम्मा झालेला. स्टेशन चालू झाले का, असे विचारून त्यांनी हळूच दुसरा प्रश्न विचारला.

"साक्षीदारांना फोन केलेस ना? काय म्हणतात?"

"हो काका, केले," मी म्हणाले. "सगळ्यांना छान दिसतंय."

त्यांनी डोळे मिटले आणि त्यांचा चेहरा इतका शांत झाला की मला मीच त्यांना औषध दिल्यासारखे वाटले. खोटे बोलण्याचे कारण मोठे काही नव्हते. दिवे हिरवे आहेत, म्हणजे दिसत असणारच, मग आजारी माणसाला कशाला त्रास, एवढाच हिशेब मी केला होता. मी हे आजवर कुणालाही सांगितले नव्हते.

दोन दिवसांनी ऑफिसमध्ये मीटिंगच्या मध्येच काकांचा फोन आला. आवाज बारीक होता, पण शब्द नेमके होते. "मेधा, लोइसबाईंचं कार्ड आलंय. लवकर बरे व्हा आणि आमचा चॅनेल परत आणा, असं लिहिलंय. टेकडीवर जा आणि दांडा कुठल्या बाजूला आहे ते बघ." बस, एवढेच. तू तर म्हणाली होतीस, असे काही नाही. मुदतीला चार दिवस उरले होते.

मी लंच टाइमला निघाले. टेकडीवर सगळीकडे गुडघाभर बर्फ होता, पण शेडच्या मागच्या भिंतीलगत मात्र जमीन कोरडी होती आणि शेजारच्या शेतावरच्या दोन मांजरी भिंतीला टेकून झोपल्या होत्या. आत शिरले तर ओव्हन उघडल्यासारखी ऊब. दांडा पेटीकडे होता. बारा दिवस आम्ही शाळेचे सामने, गावसभा, तीन चर्चच्या प्रार्थना आणि माझा मराठी अर्धा तास त्या दोन मांजरींची पाठ शेकायला पाठवत होतो. लॅपटॉप उघडून पाहिला. सगळे दिवे हिरवे होते.

ट्रान्समीटर बंद केला, दांडा फिरवला, पुन्हा चालू केला आणि लोइसबाईंना फोन लावला. मी कोण ते सांगितले आणि काकांचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, थांब हं, गुडघे दुखतात. मग बराच वेळ रिमोटची बटणे वाजत राहिली. दोन-तीन मिनिटे असतील, मला ती मोजता आली नाहीत. मग त्या म्हणाल्या की मुले चेंडूमागे धावताहेत आणि एकजण पडला आहे. मी शेडच्या फरशीवर बसले आणि रडले. बारा महिन्यांची लढाई मी एका 'येस, शुअर'वर घालवली असती, याची लाज वाटत होती. त्याहून जास्त लाज त्या खोट्याची होती. कारण कार्ड हातात पडले तेव्हा काकांना स्टेशनबरोबर माझ्याबद्दलही कळले असणार, हे मला तिथे बसल्या बसल्या समजले. उरलेले दोन फोन केले. मग घरी जाऊन खोक्यातली अँटेना काढली आणि चौथी साक्ष मीच दिली.

स्टेशन मुदतीत सुरू झाले, पण परवाना कार्यालयाकडे गेलेली तारीख चुकीची होती. कुणाला कळणार होते? गॅरींना नाही, कार्यालयाला नाही, लोइसबाईंनी तर तक्रार करणे शक्यच नव्हते. उलट चूक कबूल केली तर चौकशी होऊन लायसन्सचे नूतनीकरण अडण्याची भीती होती. मी हे काकांना म्हणाले. त्यांनी ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितले की त्यांनी कार्यालयाला कळवले आहे, मी आता त्यात लक्ष घालू नये. पुढचे पाच महिने उत्तर आले नाही. त्या पाच महिन्यांत काकांना चालायला लागलेले, जिना चढायला लागलेले मी पाहिले, पण टपालाची गाडी थांबली की ते बोलणे अर्धवट टाकून खिडकीशी जात. अखेर उत्तर आले. यापुढे खबरदारी घ्यावी, असे दोन ओळींचे पत्र. स्टेशन वाचले. त्यावर आमचे कधी बोलणे झाले नाही. मी मात्र त्या आठवड्यापासून रविवारी सकाळी दहाला वही घेऊन बसू लागले.

या ग्रंथासाठी स्टेशनचा इतिहास जुळवायचा म्हणून गेल्या महिन्यात काकूंनी मला जुन्या फायलींची पेटी दिली. तिच्यात काकांनी तेव्हा कार्यालयाला पाठवलेल्या पत्राची प्रत होती. वेड्यावाकड्या अक्षरात, रेघ नसलेल्या कागदावर लिहिलेली. आधी कळवलेली तारीख चुकीची आहे, असे म्हणून पुढे लिहिले होते की प्रक्षेपण खरोखर सुरू झाले की नाही याची खात्री करणे ही माझी जबाबदारी होती, मी नेहमीप्रमाणे प्रेक्षकांना फोन केले नाहीत, आणि ही चूक सर्वस्वी माझी आहे. माझे नाव पत्रात कुठेही नव्हते. ज्या दिवशी फोन केले नाहीत असे त्यांनी लिहिले, त्याच्या दुसऱ्या सकाळी ते छाती उघडलेल्या अवस्थेत ऑपरेशनच्या टेबलावर होते, हेही पत्रात नव्हते.

मी ती प्रत घेऊन त्यांच्याकडे गेले. काका बाल्कनीत जुना रेडिओ उघडून बसले होते. मी म्हणाले, "काका, हॉस्पिटलमध्ये मी तुमच्याशी खोटं बोलले होते."

"माहीत आहे," ते म्हणाले. "कार्ड दोन दिवसांनी आलं."

पत्रात हे खोटे का लिहिलेत, असे मी विचारले. त्यांनी चष्मा चढवून पत्र पुन्हा वाचले, एखाद्या सर्किटची आकृती तपासावी तसे. त्यात खोटे काहीच नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. लायसन्स त्यांच्या नावावर होते आणि फोन त्यांनी केले नव्हते. मग मला तेव्हा काही बोलला का नाहीत, हा माझा शेवटचा प्रश्न होता. त्यांनी रेडिओचा एक स्क्रू घट्ट केला.

"तू त्यानंतर एकही रविवार चुकवला नाहीस," ते म्हणाले. "मग बोलायचं काय राहिलं?"

काकूंनी आतून चहाला हाक मारली आणि तो विषय तिथे संपला. त्यांच्या दृष्टीने तो तीन वर्षांपूर्वीच संपला होता. माझ्या दृष्टीने तो आज संपतो आहे. तुम्हा सगळ्यांसमोर हे लिहिल्याशिवाय या माणसाचा गौरव करण्याचा मला अधिकार नव्हता. ते आपल्या सगळ्यांना हट्टी, कोरडे, जुन्या वळणाचे वाटतात आणि ते तसे आहेतही. पण दुसऱ्याच्या घरात काय दिसते हे विचारल्याशिवाय आपले काम झाले असे न म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी काकांनी स्टेशन गावकऱ्यांच्या ट्रस्टकडे सोपवले आणि तांत्रिक देखभाल माझ्याकडे आली. स्टेशन अजूनही धड चालत नाही, पण चालू आहे. उद्या एखाद्या मोठ्या पाहुण्याला आमची खुर्ची हवी झाली तर पुन्हा उठू आणि पुन्हा घरोघर जाऊन बटणे दाबू. रविवारच्या यादीत आता एक नवे नाव आहे. लोइसबाई, केशकर्तनालयवाले आणि बसचे ड्रायव्हर यांच्यानंतर शेवटचा फोन मी काकांच्या घरी लावते. "काका, दिसतंय का?" ते उठतात, चष्मा शोधतात, टीव्हीजवळ जातात. या सगळ्याला वेळ लागतो आणि मी फोन कानाला लावून थांबते. घाईने उत्तर ते अजूनही देत नाहीत. चौकोन पडतात का ते पाहतात, ओठ आणि आवाज जुळतात का ते पाहतात, आणि मगच म्हणतात, "दिसतंय." मी वहीत 'चालू' असे लिहिते.

पंचाहत्तरीला दीर्घ आणि निरोगी आयुष्य चिंतण्याची आपली रीत आहे आणि ते मी मनापासून चिंतते. पण काकांनी नेमके बोलायला शिकवले आहे, म्हणून नेमके मागते. हा फोन मला अजून पुष्कळ वर्षे, दर रविवारी करायला मिळो. पलीकडे चष्मा शोधायला लागणारा तो वेळ हवा तेवढा वाढू दे, मी थांबेन. फक्त त्या वेळाच्या शेवटी उत्तर काकांच्याच आवाजात यावे.